बोलता येईल इतकंच

ज्याचं स्वतःचं बूट दुरुस्तीचं दुकान आहे त्यानं दुसऱ्याच्या दुकानात जाऊन नवे बूट घ्यायचे, म्हणजे न्हाव्यानं गुपचूप दुसरीकडे जाऊन केस कापून घेण्यासारखं आहे. धाकटीला अगदी तसंच वाटत होतं. शनिवारी दुपारी तिनं दुकानातला एक बूट उचलला, उलटा केला, दोन्ही हातांनी वाकवून पाहिला आणि नाकाशी नेऊन हुंगला.

"ताई, वास घेऊन बूट घेणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच पाहतोय," विकणारा म्हणाला.

"सोलचा जोड कच्चा असला की वासावर कळतं."

"कशासाठी हवेत? चालायला?"

"पळायला. शंभर किलोमीटर."

त्यानं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा नीट पाहून घेतलं. "आज?" त्यानं विचारलं.

"आज नाही. आठ महिन्यांनी," धाकटी म्हणाली आणि तिला स्वतःलाच हसू आलं.

हसण्यासारखंच होतं. अडतिशी उलटून गेलेली, दिवसभर स्टुलावर बसून काम करणारी बाई, जी बस पकडायलाही कधी धावली नव्हती, ती आता अल्ट्रामॅरेथॉनला निघाली होती. गल्लीत कुणी विचारलं तर ती वजनाचं कारण सांगायची. तेवढं लोकांना पटायचं. खरं कारण तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

खरं कारण दुकानातल्या वरच्या फळीवर, कागदी पिशवीत होतं. तिच्या दादाचे बूट.

खाली दुकान आणि वर दोन खोल्या, एवढंच त्यांचं घर. दुकान बाबांचं. बाबांनी लावलेला सोल म्हटला की गिऱ्हाईक डोळे मिटून पाय टाकायचं. दोन वर्षांपूर्वी, शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी, दादा आपले जुने बूट घेऊन खाली आला. डाव्या बुटाचा सोल पुढून सुटायला लागला होता. बाबा म्हणाले, नवे घाल. दादा म्हणाला, नव्या बुटांनी शंभर किलोमीटर पळायला मी काय वेडा आहे? शेवटी बाबांनी सोल चिकटवायचं सोल्युशन लावलं, बूट लोखंडी ऐरणीवर दाबून ठेवला, वर वजनं ठेवली. त्या सोल्युशनला पक्कं व्हायला पुरते चोवीस तास लागतात. मिळाले दहा.

दुसऱ्या दिवशी दादा त्र्याण्णव किलोमीटर पळाला. शेवटचे सात राहिले होते. कालव्याच्या रस्त्यावर, सातव्या दगडाला पाठ टेकून बसलेला तो सापडला. डॉक्टरांनी हृदयाचं कारण लिहिलं. बूट त्याच्या शेजारी काढून ठेवलेले होते आणि डाव्याचा सोल अर्ध्यापर्यंत उकलून लोंबत होता. डॉक्टरांचा कागद बाबांनी वाचलाच नाही. त्यांनी फक्त तो सोल पाहिला.

तेव्हापासून बाबांनी सोल्युशनच्या डब्याला हात लावला नव्हता. चेन बसवायचे, पट्टा शिवायचे, पॉलिश करायचे. सोलचं काम आलं की मान वर न करता म्हणायचे, "ते धाकटीकडे द्या." जेवण निम्म्यावर आलं होतं, बोलणं त्याहून कमी. तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. कुणी दोष दिला असता तर ते भांडले तरी असते. पण कुणी काही म्हणेना, मग त्यांनी आपल्यापुरता निकाल लावून टाकला. धाकटीला तो निकाल त्यांच्या खांद्यांवर दिसायचा.

सोल वाटेत सुटला होता की नंतर? एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. ज्या वाटेवर हे घडलं त्या वाटेनं पायी गेल्याशिवाय ते कळणार नाही, असं तिच्या मनानं घेतलं. यात शहाणपण किती होतं ते सोडा. माणूस दुःखात असला की त्याचं मन काहीही घेतं.

रविवारी सकाळी ती मैदानावर बाईंकडे गेली. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या खेळाच्या शिक्षिका. नवशिक्यांना लांबचं पळायला शिकवायच्या. गळ्यात शिट्टी असायची, पण ती वाजलेली कुणी ऐकली नव्हती. दादालाही त्यांनीच शिकवलं होतं. धाकटीला पाहून त्या नेहमीसारख्या कोरड्या आवाजात बोलू लागल्या.

"पहिले तीन महिने पळायला शिकायचं नाही. हळू जायला शिकायचं. पाच मिनिटं पळ, एक मिनिट चाल."

"हळू म्हणजे किती?"

"बोलता येईल इतकं. सोबत्याशी अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटलं की समजायचं, वेग जास्त झाला."

"मला सोबती नाहीये बाई. दुकान उघडायच्या आधी जाणार मी, पहाटे."

"मग पाढे म्हण. मोठ्यानं, न थांबता. फक्त प्रश्न विचारू नकोस."

"कुणाला?"

"कुणालाच." बाईंनी शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळली. "प्रश्न विचारला की माणूस उत्तराची वाट बघतो. वाट बघताना श्वास धरतो. श्वास धरला की पाय बिघडतात. आणि वळायची जागा घरून निघतानाच ठरवायची. तिथं कितीही हलकं वाटलं तरी वळायचं. हलकं वाटणं हे नवशिक्याचं दुखणं आहे."

पाढे म्हटल्यावर धाकटीला दुकानाची पायरी आठवली. लहानपणी संध्याकाळी दुकान आवरलं की बाबा दोघांना पायरीवर बसवून पाढे घ्यायचे. बारापर्यंत तिची गाडी सुसाट जायची. तेराला मात्र 'तेर सक अठ्ठ्याहत्तर' झालं की पुढं ठप्प. मग मागून दादा तोंडावर हात धरून पुटपुटायचा, "एक्क्याण्णव." बाबा हातातलं काम न थांबवता म्हणायचे, "तुला नाही विचारलं." हे रोज व्हायचं. तेराचा पाढा तिला अजूनही येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला ती पुलावर उभी राहिली. पुलापासून कालव्याच्या काठानं कच्चा रस्ता जातो. दर किलोमीटरला पांढरा रंगवलेला गुडघाभर दगड, त्यावर काळा आकडा. शर्यत याच रस्त्यानं परत येते आणि पुलावर संपते. पाण्यावर धुकं होतं, दोन्ही काठांची लव्हाळी त्यात अर्धी बुडाली होती. चिटपाखरू नव्हतं. धाकटीनं घड्याळ लावलं आणि निघाली.

"बे एके बे, बे दुणे चार..."

बे त्रिक सहाला तिला धाप लागली. ती आणखी हळू झाली. इतकी हळू, की कालव्यातलं एक वाळकं पान तिच्या बरोबरीनं वाहत होतं आणि बहुधा तेच जिंकणार होतं. पहिल्या दगडाशी पोचून ती वळली तेव्हा पोटऱ्या पेटल्या होत्या, पण पाढा तुटला नव्हता. घरी येऊन ती जिना बसून बसून चढली.

पहिला आठवडा पाढ्यांवर गेला. दुसऱ्या आठवड्यात कंटाळा आला. रोज तेच ते बारापर्यंतचे पाढे मोठी माणसं किती म्हणणार? मग ती दुकानातल्या गोष्टी बोलू लागली. कुणी एकाच पायाचा बूट टाकून गेलाय, कुणी सहा महिने झाले तरी न्यायला येत नाही. बोलता बोलता ते सगळं आपोआप दादाला सांगितल्यासारखं होऊ लागलं. दादाशी ती आयुष्यभर अशीच बोलत आली होती. तोंडात खिळे धरून, मान खाली घालून.

आणि एका सकाळी, दुसऱ्या दगडाजवळ, तिच्या तोंडून निघून गेलं, "तुला रे कधी कंटाळा नाही यायचा?"

विचारून झाल्यावर ती गप्प झाली. श्वास घ्यायलाच. चार पावलं पडली असतील. धुक्यात तिच्या पावलांचा आवाज मऊ येत होता, टप, टप, टप, टप. आणि त्यात आणखी एक आवाज मिसळला. टप्... घस्. टप्... घस्.

दादाची टाच डावीकडे घासायची. त्याच्या डाव्या बुटाची बाहेरची कड नेहमी आधी झिजायची आणि बाबा दर दोन महिन्यांनी तिथं रबराची पाचर बसवून द्यायचे. तो जिन्यात आला की न बघता कळायचं.

धाकटीनं मागे पाहिलं नाही. खरं सांगायचं तर तिला भीतीच वाटली नाही. उलट छातीतलं काहीतरी दोन वर्षांनी जरा सैल झालं. ती पुन्हा बोलू लागली, आवाज गेला. ती गप्प झाली, आवाज आला. परत येताना पहिल्या दगडापर्यंत तिनं असं चारपाच वेळा केलं. पुढं तो ऐकू येईना.

त्या दिवसापासून तिनं पाढे सोडून दिले. एक प्रश्न विचारायचा आणि चार पावलांची जागा मोकळी सोडायची. बाईंच्या तक्त्यात दर रविवारी अंतर वाढत होतं. तिसरा दगड, मग चौथा. जितकं लांब जावं तितकं त्या मोकळ्या जागेत जास्त काही भरलेलं असायचं. तिसऱ्या दगडाशी नुसता हुंकार यायचा, गोष्ट ऐकताना देतात तसा. चौथ्याशी एकदा हसू आलं. आणि धुक्यात, उघड्या हवेत, मैलभर घर नसताना, सोल्युशनचा वास यायचा. डबा नुकताच उघडल्यासारखा, गोडसर, डोक्यात जाणारा.

तिला आता दम लागत नव्हता. पळताना पाय आपले नाहीतच असं वाटायचं. कालवा, लव्हाळी, पांढरे दगड हेच हळूहळू मागे सरकतायत आणि आपण एका जागी गप्पा मारत बसलोय, अशी ती सकाळ जायची. घरी येऊन घड्याळ पाहिलं तर नाडीचे ठोके झोपलेल्या माणसासारखे.

बाईंनी रविवारी ते आकडे पाहिले आणि चष्मा काढला.

"सहावा आठवडा आहे तुझा. दम लागायला हवा."

"हळू जातेय ना, बाई. बोलत बोलत."

"कुणाशी?"

धाकटी वाकून बुटाची फीत बांधू लागली. बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्या हलकेच म्हणाल्या, "माझ्याही सोबत एक होती, खूप वर्षांपूर्वी. मी पाढ्यांवर आले म्हणून सुटले... त्यांचं वाईट नसतं मनात. पण त्यांचं अंतर राहिलेलं असतं. तू जिथून वळतेस, तिथून एकटीच परत ये. आणि त्याच्या दगडापर्यंत जाऊ नकोस. तुझा तक्ता पाचव्यापर्यंतच आहे."

धाकटीनं मान डोलावली. आणि तिनं ऐकलंही असतं. पण बुधवारी बाबांनी भंगारवाल्याला बोलावलं.

ती वर भात टाकत होती. खाली आली तर ऐरण, लाकडी साचे, रापी, आरी, सगळं एका पोत्याजवळ मांडून ठेवलेलं. बाबा पोत्याचं तोंड धरून बसले होते.

"हे काय बाबा?"

"सोमवारी येतो म्हणालाय तो. घेऊन जाऊ दे."

"आणि काम?"

"माझ्या हाताचं काम लोकांनी पायात घालू नये," बाबा म्हणाले. इतक्या साध्या आवाजात, की तिला रडायलाही सुचलं नाही.

रविवारी ती पाचव्या दगडावर वळली नाही.

धुकं त्या दिवशी पाण्यावरून उठून रस्त्यावर आलं होतं. पाचव्या दगडानंतर लव्हाळी इतकी जवळ आली, की बाहीला लागून ओली रेघ उमटत होती. सोबतचा पाय आता मागे नव्हता, शेजारी होता. टप्... घस्. सहावा दगड कधी गेला ते तिला कळलंच नाही. आणि मग सातवा समोर आला.

सगळीकडे दव होतं. गवतावर, रस्त्यावर, दगडाच्या माथ्यावर थेंब होते. फक्त दगडाची एक बाजू आणि तिच्यासमोरची हातभर जमीन कोरडी होती. एखाद्या माणसाच्या पाठीएवढी.

पाय थांबले की आवाजही जातो, हे एवढ्या दिवसांत तिच्या लक्षात आलं होतं. ती जागच्या जागी पाय हलवत राहिली.

"दादा," ती म्हणाली, "सोल वाटेत सुटला होता का रे?"

चार पावलं.

"खडा... गेला होता आत."

आवाज त्याचाच होता. थकलेला आणि लांबून आल्यासारखा, पण कानाशी.

"मग?"

"काढायला बसलो. फीत भिजलेली... गाठ सुटेना. ओढला बूट. तेव्हा उकलला."

"म्हणजे बाबांचा जोड..."

"पक्का होता गं. मीच... संपलो होतो."

धाकटीचे डोळे भरून आले. पाय मात्र हलत होते, टप, टप, टप, टप. दोन वर्षं घरात साचलेलं सगळं ओझं एका खड्याचं होतं. तिला तिथं बसावंसं वाटलं, त्या कोरड्या जागेवर, जरा वेळ. जमीन उबदार असणार असं उगाच वाटलं. तिचा उजवा पाय दगडाकडे वळलासुद्धा. तेवढ्यात तिच्या डोळ्यांसमोर भंगारात टाकायला फळीवरची पिशवी काढणारे बाबा आले, उद्या येणारा भंगारवाला आला, आणि ती वळली. पुलाकडे तोंड केलं.

"सातच राहिलेत," आवाज म्हणाला. आणि जरा वेळानं, लहानपणी तिच्या खेळात शिरताना विचारायचा तसा, "येऊ?"

आता तिला भीती वाटली. पाठीच्या कण्यातून गार पाणी उतरावं तशी. आणि आपल्या सख्ख्या भावाची भीती वाटली म्हणून तितकीच लाजही वाटली. बाईंचं बोलणं आठवलं. तिनं उत्तर दिलं नाही. तिनं तोंड उघडलं आणि सुरुवात केली.

"बे एके बे बे दुणे चार बे त्रिक सहा बे चोक आठ..."

जागा सोडायची नाही, एका पावलाचीही नाही. श्वास शब्दांच्या आतच घ्यायचा, बोलता बोलता. बे झाले, तीन झाले, बाराही झाले. पुन्हा बे. सहावा दगड, पाचवा दगड. तिचा वेग वाढला होता, घसा कोरडा पडला होता, आणि तरी आकडे ओघळत होते. मागे काही ऐकू येत नव्हतं, कारण ऐकायला ती थांबतच नव्हती. तिसऱ्या खेपेला चौथा दगड गेला, तिसरा गेला. उजाडू लागलं. दूर पुलाचा कठडा धुक्यातून वर आला. पोचले, असं तिच्या मनात आलं. आणि त्या एका विचारात तिची जीभ बाराच्या पुढं घसरली.

"...बारा दाहे वीसासे तेरा एके तेरा तेर दुणे सव्वीस तेर त्रिक एकोणचाळीस तेर चोक बावन्न तेर पाचा पासष्ट तेर सक अठ्ठ्याहत्तर तेर साता..."

आणि पुढं काही येईना.

एक पाऊल. दोन. तीन. तिला बेपासून पुन्हा धरता आलं असतं, पण तोंडात शब्दच नव्हता. चार.

"एक्क्याण्णव," मागून कुणीतरी पुटपुटलं, तोंडावर हात धरून.

मग पावलं आली. टप्... घस्, टप्... घस्, आता थकलेली नव्हेत. ती तिच्या शेजारून गेली आणि पुढं निघून गेली. रस्त्यावरच्या ओल्या धुळीत काही उमटलं नाही. पुलाच्या लाकडी फळ्या मात्र वाजल्या, एका माणसाच्या वजनानं. आणि वाजायच्या थांबल्या.

धाकटी पुलावर कठड्याला धरून किती वेळ रडली ते तिलाच माहीत. भीतीनं नाही. पोचला एकदाचा, असं तिला वाटत होतं.

घरी आली तेव्हा बाबा दुकानात पोत्याला दोरी बांधत होते. बूट न काढताच ती त्यांच्यासमोर खाली बसली.

"बाबा, सोल वाटेत सुटला नव्हता. खडा गेला होता बुटात. तो काढताना दादानं बूट ओढला, तेव्हा सोल उकलला. जोड पक्का होता."

बाबांच्या हातातली दोरी तशीच राहिली. "कुणी सांगितलं?"

"शेजारून पळणाऱ्यानं," ती म्हणाली. यात खोटं काही नव्हतं.

बाबा पोत्याला टेकून बसले. दोन वर्षांत पहिल्यांदा ते मोठ्यानं रडले, दुकानात, उघड्या दारासमोर, गल्ली बघत असताना. मग नाक पुसून त्यांनी विचारलं, "आणखी काय म्हणाला?"

 सातच राहिलेत म्हणाला, येऊ का म्हणाला, हे कसं सांगणार? ती गप्प राहिली. चार श्वास, फार तर पाच. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू आली.

बाबांनी मान हलवली. "असं म्हणाला होय," ते म्हणाले आणि पोत्याची दोरी सोडू लागले.

ते असं का म्हणाले, हे तिनं विचारायला हवं होतं. पण बाबा उठून फळीवरची पिशवी काढत होते, सोल्युशनचा डबा शोधत होते, आणि तिला दुसरं काही दिसतच नव्हतं. त्यांनी दादाच्या बुटांचे जुने सोल उतरवले, नवे लावले, पुरते चोवीस तास दाबून ठेवले आणि बूट पुन्हा फळीवर ठेवून दिले. भंगारवाला आला तसा हात हलवत परत गेला. रात्री बाबांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

धाकटी पळत राहिली. कालव्यावर आता कुणी नव्हतं. तिनं मुद्दाम दोनदा प्रश्न विचारून पाहिला. मोकळी जागा मोकळीच राहिली, नुसतं पाणी वाजत होतं. सोल्युशनचा वासही नाही. आणि तिला दम लागू लागला. नवशिक्याला लागतो तसा, घामाघूम करणारा, वाक्याचे तुकडे पाडणारा. बाईंनी आकडे पाहिले, पहिल्यांदाच तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "आता खरी सुरुवात झाली तुझी. परत आलीस ना एकटी?"

"हो," धाकटी म्हणाली. तिला तसं वाटत होतं.

महिन्याभरानं, एका सकाळी नऊ किलोमीटर करून ती दुकानात शिरली. बाबा कामाला बसले होते. गालांवर मांस आलं होतं, डोळ्यांत तेज होतं, तोंडात खिळे होते. ऐरणीवर दादाचा डावा बूट होता. महिन्यापूर्वी लावलेला नवा कोरा सोल, तेव्हापासून फळीवरच असलेला, आणि त्याची बाहेरची कड झिजून तिरपी झाली होती. बाबा तिथं रबराची पाचर बसवत होते.

धाकटी दारातच थांबली. दुकानात सोल्युशनचा वास भरला होता. डबा बंद होता.

"आज किती झालं?" बाबांनी मान वर न करता विचारलं.

"नऊ," ती म्हणाली.

"तुला नाही विचारलं," बाबा मायेनं म्हणाले. त्यांची हातोडी वर उचललेली तशीच थांबली. एक. दोन. तीन. चार.

मग त्यांनी समाधानानं मान हलवली आणि खिळा ठोकला.